पत्त्यावरचा पहारा

नाथाजी हवालदारांचा एखाद्यावर विश्वास बसला, असं लोणंदच्या बाजारात कुणी सांगितलं असतं तर लोकांनी सांगणाऱ्यालाच खुळ्यात काढलं असतं. सारी नोकरी सैन्यात सिग्नलमध्ये गेली. निवृत्त होऊन गावी आले, ऊस लावला, दोन म्हशी घेतल्या, पण स्वभाव काही पेन्शनीत निघाला नाही. गॅसची टाकी आणणाऱ्याला ओटीपी सांगायचा, तरी इकडंतिकडं बघून, पाठ भिंतीला लावून सांगत. डेअरीत कुणी सहज मुलीची चौकशी केली, तर त्याच्या पोटात काय आहे याचा विचार घरी येईपर्यंत चालायचा. बनुबाई, त्यांची बायको, म्हणायची, "ह्यास्नी देवानं डोळं दोनच दिलं, पन संशय चार मानसांचा दिला."

एका माणसाच्या बाबतीत मात्र संशय नव्हता. ती त्यांची मुलगी राजनंदिनी. सांगलीत कॉलेज करून ती घरी आली आणि माडीवरच्या खोलीत बसून परदेशातल्या लहान मुलांच्या खेळांसाठी चित्रं काढू लागली. डोंगर, ओढे, बैल, कौलारू घरं. तिकडचे लोक मोबदला क्रिप्टोत, म्हणजे इंटरनेटवरच्या चलनात, द्यायचे. हवालदारांना तो प्रकार आधी मुळीच रुचला नव्हता. पण पोरगी वेळेवर कर भरते, कागद समोर ठेवते, लपवाछपवी नाही, म्हटल्यावर ते गप्प झाले. गप्प झाले म्हणण्यापेक्षा खूश झाले, फक्त तसं दाखवलं नाही.

एका संध्याकाळी ती खाली ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती. चित्रकारांची कुठलीशी नवी वेबसाइट होती. तिथं चित्रं लावायची, आवडलं तर बघणारा खुशीनं काही पाठवणार. त्यासाठी वेबसाइट नाव, गाव, फोटो आणि क्रिप्टोचा पत्ता मागत होती.

"ह्यो पत्ता म्हंजी?" हवालदार मागे येऊन उभे राहिले.

"खात्याच्या नंबरासारखा असतो आबा. जिनेशनं शिकवलं मला सगळं." जिनेश तिचा कॉलेजातला वर्गमित्र, सांगलीच्या हळद व्यापाऱ्याचा मुलगा.

"आन् नावाखाली त्यो साऱ्या जगाला दिसनार?"

"दिसू दे की. पत्ता कळला म्हणून कुणी पैसे काढू शकत न्हाई."

"काढू शकत न्हाई. बघू शकतो का?"

नंदिनीचा हात थांबला. पैसे बघता येत होते, कारण क्रिप्टोच्या कुठल्याही पत्त्याचा हिशोब कुणालाही उघडा असतो. आजवर त्या पत्त्यावर आलेली सगळी कमाई, कधी आली, कधी गेली, पै न् पै. आतापर्यंत ते झाकलं होतं ते एवढ्यासाठीच, की तो पत्ता लोणंदजवळच्या राजनंदिनीचा आहे हे जगाला ठाऊक नव्हतं. आणि आता ती स्वतःच्या हातानं त्याच्याशेजारी आपला फोटो लावायला निघाली होती.

"आमच्यात वायरलेसवरचा कॉल साइन रोज बदलायचा," हवालदार म्हणाले. "शत्रूला आवाज ऐकू येतो गं. पन कोन बोलतंय ते कळू द्यायचं न्हाई. एकच नाव रोज वापरलंस की गेलीस."

एरवी ती हसली असती. त्या दिवशी हसली नाही. तिनं त्या वेबसाइटसाठी वेगळा, कोरा पत्ता काढला आणि तोच दिला. मग कौतुकानं बापाला जवळ बसवून दाखवलं, की हा पत्ता कुठं टाकायचा आणि आलं-गेलं कसं दिसतं. "बघा आबा, आत्ता काहीच न्हाई. कोरा हाय."

हवालदारांची छाती फुगली. ऐन कामाच्या वेळी आपला सल्ला लेकीला उपयोगी पडला, याचं सुख त्यांना बरेच दिवस पुरलं.

दुसऱ्या दिवशी धारा काढून झाल्यावर त्यांनी मोबाइल काढला. नंदिनीच्या चित्राखालचा पत्ता उचलला आणि तिनं शिकवलं तसा तपासला. काही वाईट मनात नव्हतं. पोरीच्या दारावर पहारा द्यायला बापाशिवाय कोण बसणार? पहिल्यांदा थोडी रक्कम आलेली दिसली तेव्हा म्हशीच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "आली गं आली!" तेव्हापासून रोजचा नेमच झाला. नंदिनीला सांगायचं तेवढं राहून गेलं. राहून गेलं म्हणजे त्यांनी राहू दिलं.

मग एका सकाळी पत्ता रिकामा दिसला. आलेलं सगळं कुठल्याशा दुसऱ्या पत्त्यावर गेलं होतं. हवालदारांनी मोबाइल पुसून पुन्हा बघितलं. थोड्या दिवसांनी पुन्हा रक्कम जमली आणि पुन्हा तिकडंच गेली. त्यांनी त्या दुसऱ्या पत्त्याचा माग काढला. तिथं रक्कम साठत होती. खर्च होत नव्हती, नुसती वाढत होती.

"नंदे, बरं चाललंय न्हवं तुजं काम?" त्यांनी जेवताना विचारलं.

"व्हय की."

"पैसं हायती न्हवं जवळ?"

"हायत की आबा. का वो?"

"काय न्हाई. इचारलं आपलं."

झालं. पोरगी खोटं बोलते, असं त्यांच्या मनानं घेतलं, आणि एकदा घेतल्यावर पुरावे कुठं कमी असतात! कुंडलचं चांगलं स्थळ आलं होतं, तर ती "एवढ्यात नको" म्हणाली. का म्हणाली? माडीवर जिनेशशी फोनवर तास तास बोलते. काय बोलते? हे सगळं तिला शिकवलं कुणी? जिनेशनं. मग तो दुसरा पत्ता कुणाचा असणार? बनुबाईनं तोंडावर सांगितलं, "आवं, एवढं वाटतंय तर पोरीला इचारा की सरळ!" पण सरळ विचारायचं म्हटलं तर आपल्याला कसं कळलं ते आधी सांगावं लागणार होतं. बापाचं काळीज म्हणतात ते असंच असतं, मान्य आहे. पण बापाच्या काळजालाही दाराची कडी वाजवायची अक्कल पाहिजे. हवालदारांनी ती वाजवली नाही. म्हशीचं औषध आणायचं निमित्त सांगितलं आणि रेल्वेनं थेट सांगली गाठली.

जिनेशच्या घरी त्याच्या आईनं, आक्काताईंनी, दार उघडलं. मैत्रिणीचे वडील म्हटल्यावर त्यांची धांदल उडाली. "बसा की भाऊ. दिवस मावळायच्या आत दोन घास खाऊनच जायचं, आदीच सांगून ठेवते."

हवालदार खुर्चीच्या कडेवर टेकले. पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही. जिनेश आतून येताच म्हणाले, "माज्या लेकीचं पैसं तुज्याकडं का येत्यात?"

आक्काताई जागच्या जागी थांबल्या. जिनेशला आधी काही उमगलंच नाही. हवालदारांनी मोबाइल त्याच्यापुढं धरला. हा तिचा पत्ता, हे इकडून गेलं, हे तिकडं साठलं. तारखा त्यांना पाठ होत्या. रकमाही पाठ होत्या.

जिनेशनं सगळं नीट पाहिलं आणि शांतपणे म्हणाला, "काका, ह्यातला एक रुपया माझा नाही. दुसरा पत्तासुद्धा तिचाच आहे. नाव-गाव लावलेल्या पत्त्यावर काही शिल्लक ठेवायचं नाही, असं तिनं ठरवलंय. आलं की हलवते. ‘माझ्या आबांनी शिकवलं,’ असं मला फोनवर किती कौतुकानं सांगत होती! आता कुणी चिकाटीनं मागं लागलं तर दुसराही सापडतो म्हणा. तुम्हाला सापडला तसा."

हवालदारांनी मोबाइल खिशात घातला. मनातून लाज वाटली आणि त्याहून जास्त आनंद झाला, की पोरगी खोटी नव्हती. "मग मिटलं," ते उठत म्हणाले. "माजीच चूक झाली गड्या. इसरून जा."

"काका, तिला माहिती आहे का, तुम्ही रोज बघता ते?"

हवालदार दाराकडं वळले.

"मग मला तिला सांगावं लागेल."

"का रं? मी बाप हाय तिचा!"

"तिचा पत्ता कुणीतरी रोज उघडून बघतंय, आणि तेवढ्यावरून माझ्या दारापर्यंत येऊन पोचलंय. हे कळल्यावर मी गप्प कसा बसू? दुसरं कुणी असतं, तर तुम्हीच म्हणाला असता, आधी पोरीला सावध कर म्हणून."

आक्काताईंनी जेवणाचा आग्रह पुन्हा केला नाही.

परतीच्या गाडीत हवालदारांनी बरीच वाक्यं जुळवली. काळजीपोटी बघितलं. फसवणूक लय वाढलीय. तूच तर दाखवलं होतंस. लोणंद आलं तोवर त्यातलं एकही त्यांचं त्यांनाच पटेना.

नंदिनी ओट्यावरच बसली होती. बनुबाई आत गेली.

"कवापासून बघताय?" तिनं विचारलं.

"पयल्या दिवसापासनं."

"मी साऱ्या जगापासून लपवायला निघाले होते आबा. आन् दाखवलं होतं ते फकस्त तुमाला. दुसऱ्या कुनाला न्हाई." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर हवालदारांना सोपं गेलं असतं. "जिनेशच्या आईसमोर काय अब्रू ऱ्हायली माजी? नुसतं इचारलं असतं तरी सांगितलं असतं."

"चुकलं माजं." हे शब्द त्या घरानं त्यांच्या तोंडून कधी ऐकले नव्हते. त्यांना जड गेले, पण ते बोलले. मग खाली पायरीवर बसले आणि लहान पोरासारखं तोंड करून म्हणाले, "आता सरळ इचारतो, नंदे. एवढं साठवतीयस, ते कशासाठी गं?"

नंदिनीनं त्यांच्याकडं पाहिलं. आजवर कधी नव्हे ते, हा माणूस हे का विचारतोय, आणि ऐकून त्याचं पुढं काय करील, याचा अंदाज घेत पाहिलं.

"सहज इचारताय," ती म्हणाली, "का काय काम हाय?"

आणि उत्तराची वाट न बघता तिनं लॅपटॉप मिटून काखेत घेतला आणि ती माडीवर गेली.