ज्या हाकेला ओ दिली नाही

मित्रांनो, मी एक जुना पिंजरा आहे, आणि खरं सांगायचं तर आता फार थकलो आहे. माझ्या तारा गंजल्या आहेत, दाराची कडीही लागत नाही. कडीचं मात्र मला मुळीच दुःख नाही.

घाटकोपरच्या एका गाळ्यात धोंडिराम नावाच्या कारागिराने मला घडवलं. मुलुंडच्या शिवदास परबांनी मला घरी नेऊन गॅलरीत टांगलं. माझ्यात आलं डोंगरी मैनेचं पिल्लू, पिसंही धड न फुटलेलं. ढोली उंचावर होती म्हणून झाडच पाडलं, असं विकणाऱ्याने वर तोंड करून सांगितलं होतं. सह्याद्रीच्या रानातलं झाड गेलं, त्याबरोबर पुढच्या पिल्लांचं घरही गेलं. शिवदासांच्या ते ध्यानातही आलं नाही. तसे ते वाईट नव्हते हो. त्यांनीच त्या पिल्लाला बोटाने पपई भरवून जगवलं.

वॉचमनची ड्युटी संपवून आले की शिवदास दारातूनच ओरडत, "इलंय गो!" आतून त्यांची बायको, सुगंधाबाई, म्हणत, "येवा, हातपाय धुवा." मैनेने ती हाक उचलली, अगदी घोगऱ्या आवाजासकट. शेजारीपाजारी फसत आणि हसत. तिच्याबरोबर माझंही कौतुक होई.

पुढे शिवदास वारले. मैना मात्र रोज संध्याकाळी म्हणायचीच, "इलंय गो!" मग सुगंधाबाई हातातलं काम टाकून म्हणायच्या, "येवा, हातपाय धुवा." कित्येक वर्षं मी हे ऐकत लटकत राहिलो.

शेजारची ऋता पक्षी वाचवणाऱ्या एका केंद्रात काम करायची. एकदा ती म्हणाली, "काकू, हिला घरात ठेवायला बंदी आहे हो. आणि हिचं बोलणं ऐकून आपल्याच बिल्डिंगमधल्या दोघांनी मैना मागवल्यात. म्हणजे अजून झाडं पडणार ना!"

"मगे ह्यांचो आवाज मी खय ऐकू?" सुगंधाबाई एवढंच बोलल्या. दोन दिवस त्यांना घास गोड लागला नाही. मग त्यांनी स्वतःच मला मैनेसकट उचललं आणि रिक्षात बसल्या.

केंद्रात मैनेला मोठ्या जाळीघरात, सोडवून आणलेल्या इतर मैनांबरोबर ठेवलं. मी कोपऱ्यात पडलो. ऋताने बजावलं, "काकू, तिच्याशी एक शब्द बोलायचा नाही. माणसाची सवय सुटली नाही, तर रानात ती शिकाऱ्याच्याच हातावर जाऊन बसेल."

महिन्याभराने सुगंधाबाई पडद्याआडून बघायला आल्या. संध्याकाळ झाली आणि जाळीतून हाक आली, "इलंय गो!"

सुगंधाबाईंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला. पुन्हा हाक आली. तरीही त्यांनी ओ दिली नाही. मैनेने जरा वाट पाहिली आणि ती दुसऱ्या मैनांकडे उडून गेली.

पावसाळा सरल्यावर ऋता म्हणाली, "आता ती बाकीच्यांसारखी शीळ घालते, काकू. तसं काही म्हणत नाही. लवकरच तिला रानात सोडणार."

"बरां झालां," सुगंधाबाई म्हणाल्या. जाताना त्यांनी माझ्या उघड्या दारावरून एकदा हात फिरवला.

मित्रांनो, मला खुशाल भंगारात घाला, पण रानातलं पिल्लू कधी विकत घेऊ नका. एका बाईने आपल्या नवऱ्याचा आवाज दुसऱ्यांदा गमावला, तेव्हा कुठे एक मैना रानात परतायला मोकळी झाली.