समासातला चिमणा

वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर शनिवारी चार-पाच निवृत्त मंडळी जुन्या नोंदवह्या उतरवून काढायला बसत. पगार नाही की मानधन नाही. चहासुद्धा घरून आणायचा. गिरणीभोवती गाव वसलं, तेव्हाच्या दवाखान्याच्या वह्या त्यांनी अशाच ओळीवर बोट ठेवून उतरवल्या होत्या. कोणाला पणजोबा शोधायचा असला की पावलं इकडे वळत.

सुतारकाकांना पणजोबा नको होता. त्यांची नव्वदीची आई दोन महिन्यांपासून त्यांना 'चिमण्या' म्हणून हाक मारत होती. अडुसष्ट वर्षांच्या, टक्कल पडलेल्या माणसाला! "आई, मी चिमणा नाही गं," हे सांगून सांगून त्यांचा घसा बसला. पोटच्या पोराला आई विसरली, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. निदान हा चिमणा कोण, मामा की काका, ते तरी कळावं.

वह्यांवरून केलेल्या नावांच्या यादीत चिमणा नव्हता. त्या मंडळींतल्या, यादी करणाऱ्या निवृत्त नर्सबाईंनी मग आईचं नाव शोधलं, तर काकांच्या जन्माच्या दोन वर्षं आधीची एक नोंद निघाली. मुलगा. नावाची जागा कोरी. नवव्या दिवशी गेला.

"मला कधी कोणी सांगितलं नाही," काका म्हणाले.

नर्सबाईंनी कपाटातून मूळ वही काढली, पान उघडलं आणि ओशाळल्या. "काका, चूक माझी. रकाने तेवढे उतरवायचे, समास सोडायचा, असं आम्हीच ठरवलं. उरकायची घाई, दुसरं काय!"

समासात कंपाउंडरनं बारीक अक्षरात लिहिलं होतं: 'नाव ठेवण्याआधीच गेला. आई चिमणा म्हणते. लिहून ठेवा म्हणाली.'

काकांनी ते तीनदा वाचलं आणि सरळ रडले. "एवढी वर्षं एकटीनं पोटात ठेवलं हो तिनं!"

बाईंनी कोऱ्या जागी पेन्सिलीनं नाव भरलं. "आता सगळे समास पुन्हा वाचणं आलं. येत जा शनिवारी, चहा घेऊन."

घरी आई खिडकीशी बसली होती. "चिमण्या, आलास?"

"आलो, आई." काका तिच्या पायाशी बसले.

तिनं त्यांच्या टकलावरून हात फिरवला. मग दाराकडे बघत काळजीनं म्हणाली, "आणि धाकटा रे? तो कुठं राहिला?"

काकांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. "तोही आलाय, आई."