दोन मुठी

ड्रायव्हरची बायको गेल्याचं सगळ्यांना कळवून झालं होतं. भावांना, पुतण्यांना, बस डेपोतल्या जुन्या मंडळींना, तिच्याकडे कपडे शिवायला टाकणाऱ्या बायकांना. इतकंच काय, दूधवाल्यालाही. कळवायची राहिली ती कॉलेजची दोन पोरं. त्यांची कुणाला आठवणच झाली नाही. गुरुवारी नेहमीच्या वेळी बेल वाजली, ड्रायव्हरनं दार उघडलं, तर दोघं हसत उभी.

“आजोबा, आधी आजींना डोळे मिटून बसायला सांगा,” मुलगी म्हणाली. तिच्या हातात कापडी पिशवी होती. “मग आम्ही आत येतो.”

ड्रायव्हर दाराला धरून नुसता उभा राहिला. मागून त्याची मेहुणी आली. तिनं पोरांकडे पाहिलं, पिशवीकडे पाहिलं आणि म्हणाली, “ताई गेली रे बाळांनो. रविवारी. पुन्हा झटका आला. हॉस्पिटलात नेईपर्यंत सगळं संपलं होतं.”

मुलीचा चेहरा पांढराफटक पडला. आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं होतं. तिच्या बरोबरचा उंच मुलगा बुटाची नाडी सोडायला वाकला होता, तो तसाच वाकलेला राहिला.

“या आत,” ड्रायव्हर म्हणाला. “बूट काढताच आहात तर.”

त्याला सगळे ड्रायव्हर म्हणत, कारण जन्मभर त्यानं बस चालवली. निवृत्त झाला तरी ते नाव चिकटून राहिलं. बायको तशीच टेलरबाई. मागच्या वर्षी तिची उजवी बाजू गेली. पाय हळूहळू परत आला, हात काही आला नाही. तेव्हापासून ड्रायव्हरनं सगळं अंगावर घेतलं. केस विंचरणं, बटणं लावणं, पेला तोंडाला लावणं. तिला त्यानं इकडची काडी तिकडे करू दिली नाही, आणि याचा त्याला अभिमान होता.

थेरपी कॉलेज आणि इंजिनिअरिंग कॉलेज यांनी मिळून एक प्रोजेक्ट काढला होता. आजारानं ज्याचं अडलंय अशा माणसाच्या घरी दोघादोघांनी जायचं. दिवसातली कुठली एक गोष्ट तुम्हाला स्वतःची स्वतः करायची आहे, ते विचारायचं. मग त्यासाठी लागेल ते बनवायचं. मुलगी थेरपीची, मुलगा इंजिनिअरिंगचा. मुलगी बोलताना पेनाचं बटण सारखं टिकटिक दाबायची, म्हणून टेलरबाईनं पहिल्याच दिवशी तिचं नाव टिकटिक पाडलं. मुलगा अर्थातच लंबू.

दर गुरुवारी पोरं आली की टेलरबाई म्हणायची, “अहो, तेवढे बटाटे आणा ना.” ड्रायव्हर बटाटे घेऊन परत येईस्तोवर तिघांचं काहीतरी शिजलेलं असायचं आणि तिघंही हसत असायची. घरात बटाट्यांचा ढीग झाला. आपल्याला बाहेर पिटाळतायत हे त्याला कळत होतं. पण ती हसते आहे ना, मग बटाटे तर बटाटे, असं म्हणून त्यानं सोडून दिलं.

आता टिकटिकनं पिशवीतून दोन वस्तू काढून टेबलावर ठेवल्या. प्लॅस्टिकच्या दोन मुठी. एक लहान, निळी. तिच्या टोकाला छोट्या वाटीसारखा खड्डा. दुसरी मोठी, काळी. तिच्या टोकाला एक कडं आणि कड्याच्या मधोमध चपटी जीभ.

ड्रायव्हरनं निळी मूठ उचलली. तिच्यावर बोटांचे खळगे होते. त्याची बोटं त्यात मावेनात.

“हे कशाला?” त्यानं विचारलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. “आम्हालाच माहीत नाही,” लंबू म्हणाला.

“म्हणजे? तुम्हीच बनवलंत ना?”

“आमच्या मॅडमचा नियम आहे,” टिकटिक म्हणाली. “काय करायचंय ते विचारायचं. का, ते समोरच्यानं सांगितलं तर ऐकायचं, नाहीतर खोदून विचारायचं नाही. आजी म्हणाल्या, गोल वस्तू आहे, डाव्या हातानं धरून फिरवता आली पाहिजे. तिच्या घेराचा दोरा दिला. म्हणाल्या, आधी बनवा, मग दाखवते गंमत.”

“आणि ही काळी?”

“ती दुसऱ्या कुणाच्या तरी हाताची. मापाला एक हातमोजा दिला होता, माप घेऊन तो परत केला. चामड्याचा.”

ड्रायव्हरनं काळी मूठ हातात घेतली. ती त्याच्या हातात अशी बसली, जसा बसच्या गिअरचा दांडा हातात यावा. “चामड्याचा हातमोजा,” तो म्हणाला. “थंडीपासून शोधतोय मी तो.”

“शोधत कुठं होतात, आमच्या ह्यांनी नेला म्हणून बोंबलत होतात,” मेहुणी म्हणाली. “बघा. आता घरी गेल्यावर त्यांची माफी मागते तुमच्या वतीनं.”

पोरं उठायला लागली. त्यांची परीक्षा पंधरा दिवसांवर होती. वापरणारं माणूसच नाही म्हटल्यावर प्रोजेक्टचं काय होणार, ते त्यांनी सांगितलं नाही, पण लंबूच्या तोंडावर दिसत होतं.

“हे इथं ठेवा,” ड्रायव्हर म्हणाला. “पुढच्या गुरुवारी या. कशाला आहे ते मी शोधून काढतो.”

पोरं गेली आणि तो प्रश्न त्याच्या डोक्यात बसला तो उठेचना. बायकोचं काय करायचं राहिलं होतं? सगळं तर तो करत होता. मग जे आपल्याला नाही सांगितलं, ते तिनं परक्या पोरांना का सांगावं?

दुसऱ्या दिवशी सकाळीच निळी मूठ घेऊन तो घरभर फिरायला लागला. गॅसचं बटण. वाटी मोठी पडली. नळ. नळाला लांबट कान होते, बसेना. रेडिओची बटणं त्याहून लहान. शिलाई मशीनचं चाक तर ताटाएवढं. मग बरण्यांची झाकणं, खिडकीच्या खिट्ट्या, औषधाच्या बाटल्या, पंख्याचा रेग्युलेटर. काळ्या मुठीची जीभ तर कशातच जाईना. कपाटाच्या कुलपात घालून पाहिली. मिक्सरच्या बुडाशी घालून पाहिली.

“भाऊजी, आता माझं नाक तेवढं राहिलंय,” मेहुणी म्हणाली. “तेही फिरवून बघा.”

“मोठं पडेल ते या वाटीला.”

ती खळखळून हसली आणि मग पदरानं डोळे पुसत स्वयंपाकघरात गेली. रविवारनंतर घरात पहिल्यांदा कुणी हसलं होतं.

सोमवारी तो सरळ कॉलेजातच जाऊन थडकला. लंबूची लॅब तळमजल्यावर होती. जळक्या प्लॅस्टिकचा वास, वायरींची भेंडोळी, आणि काचेच्या पेटीत एक यंत्र. त्याची बारीक सुई जागच्या जागी येरझारा घालत होती आणि तिच्या खालून केसाएवढा प्लॅस्टिकचा धागा निघत होता. थरावर थर. ड्रायव्हर वाकून बघतच राहिला.

“हे म्हणजे स्वेटर विणल्यासारखंच की.”

“आजीसुद्धा हेच म्हणाल्या होत्या. फोनवर व्हिडिओ दाखवला होता त्यांना.”

“उसवता येतं का?”

“नाही. चुकलं की फेकायचं, पुन्हा पहिल्यापासून.”

“मग तिला आवडलं नसणार.”

“नाहीच आवडलं,” लंबू हसत म्हणाला. “म्हणाल्या, जे उसवता येत नाही ते काय शिवण.”

त्यानं कॉम्प्युटरवर निळ्या मुठीचं चित्र लावलं. टेलरबाईनं मातीचा गोळा डाव्या हातात दाबला होता. पोरांनी तो स्कॅन केला आणि त्यावरून मूठ काढली. लंबू माऊसनं ती गरागरा फिरवत होता. “हळू,” ड्रायव्हर म्हणाला. मग लंबूनं हळू फिरवली. करंगळीचा खळगा सगळ्यांत खोल होता. तिची करंगळी एवढी जोरकस असेल हे त्याला माहीत नव्हतं.

“हे पुसलं जात नाही ना?”

“नाही आजोबा. दोन ठिकाणी ठेवलंय.”

“बोटं सगळी दिसतात. काय धरायचं होतं तेवढं दिसत नाही.” त्यानं पिशवीतून काळी मूठ काढली. “या जिभेभोवती हे कडं कशाला?”

“त्याच्यावर तर आमचा अख्खा महिना गेला. जीभ एका बारीक फटीत घालून फिरवायचीय. पण आजींची अट होती की धरणाऱ्याचा हात थरथरला तरी नेम चुकता कामा नये. म्हणून आधी हे कडं बसतं, मग जीभ आपोआप फटीत उतरते.” लंबू जरा घुटमळला. “म्हणाल्या, धरणारा माणूस फार घाबरट आहे.”

“घाबरट म्हणाली?”

“हो.”

ड्रायव्हरला हसू आलं. चाळीस वर्षं बस चालवली, घाटात ब्रेक गेले तेव्हा नाही घाबरला. पण हातात मूठ धरून तो घरी आला तेव्हा खरोखरच बोटं थरथरत होती. तसा हात अलीकडे थरथरायचाच. ते तिच्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

गुरुवार आला. शोधून काढतो म्हणून मोठ्या तोंडानं सांगितलेलं, आणि हाती काहीच नाही. पोरं आली, बसली. मेहुणीनं चहा दिला. टिकटिक मध्येच उठून बाथरूमला गेली. थोड्या वेळानं आतून मोठ्यांदा गाण्याचा आवाज यायला लागला. लंबूनं कपाळावर हात मारला.

टिकटिक ओशाळून बाहेर आली. “सॉरी. आत कडी नाहीये ना. कुणी येईल म्हणून गात होते.”

“अगं, बादली सरकवायची दाराला,” मेहुणी म्हणाली. “मी आल्यापासून तेच करते.”

रोज सकाळी बादली फरफटल्याचा आवाज ड्रायव्हर ऐकत होता. मेहुणीला पाणी फार लागतं, एवढंच त्याच्या मनात आलं होतं. भरलेली बादली. टेलरबाईच्या एका हातानं ती कशी सरकणार?

त्यानं कप खाली ठेवला आणि बाथरूमच्या दाराशी जाऊन उभा राहिला. कडीची भोकं त्यानंच लांबीचा लगदा भरून बुजवली होती, वरून रंग दिला होता. कडी त्यानंच काढली होती, बायको हॉस्पिटलातून घरी आली त्या आठवड्यात. फिरकीची कडी होती. आतून गोल फिरकी फिरवून लावायची. आणि आत कुणी अडकलंच तर बाहेरच्या बाजूला एक बारीक फट होती, तिच्यात नाणं घालून उघडायची.

घरभर शोधलं त्यानं. जी वस्तू काढून टाकली होती, ती कुठून सापडणार?

हत्यारांच्या डब्यात कडी नव्हती. मग त्याला सुचलं. शिलाई मशीनचा खालचा खण त्यानं ओढला. तिथं शर्टाच्या कापडात गुंडाळलेली कडी होती, स्क्रूसुद्धा. आणि शेजारी त्याचा हातमोजा.

त्यानं कडी टेबलावर ठेवली. टिकटिकनं निळी मूठ घेऊन फिरकीवर ठेवली. वाटी टक् करून बसली. डाव्या हातानं तिनं फिरवली आणि कडीची जीभ बाहेर आली.

“आता तुम्ही,” ती म्हणाली.

तिनं कडी उलटी धरली. ड्रायव्हरनं काळी मूठ उचलली. हात थरथरत होता. कडं बसलं, जीभ फटीत उतरली, कडी उघडली.

“नाण्यानंसुद्धा उघडते की,” लंबू म्हणाला. “मग मूठ कशाला?”

“नाण्यानं उघडते असं तीच म्हणत होती,” ड्रायव्हर म्हणाला. “मी म्हटलं, तू आत पडलीस तर माझ्या हाताला नाणं सापडायचं नाही, आणि सापडलं तरी त्या फटीत बसायचं नाही. म्हटलं, कडीचं नाव काढू नकोस. काय चोर येणारे का तुझ्या बाथरूममध्ये?”

“ताई काय म्हणाली?” मेहुणीनं विचारलं.

“म्हणाली, चोर नाही हो, तुम्ही येता.”

मेहुणी हसली नाही. ड्रायव्हर रोज दाराबाहेर उभा राहायचा. झालं का? ठीक आहेस ना? बोलत राहा गं. आतून आवाज थांबला की दार ढकलायचा. सुरुवातीला ती ओरडायची. नंतर कडीचं बोलणं तिनं बंद केलं, तेव्हा त्याला वाटलं, पटलं तिला. मला का नाही सांगितलं, म्हणून आठवडाभर तो स्वतःचंच डोकं खात होता. सांगितलं होतं. त्यालाच आधी सांगितलं होतं.

“प्रोजेक्ट पुरा करा तुम्ही,” तो पोरांना म्हणाला. “कडी घेऊन जा.”

लंबूनं कडी एका फळीवर बसवली. परीक्षेच्या दिवशी टिकटिकनं उजवा हात पाठीशी बांधून घेतला आणि डाव्या हातानं कडी लावली. बाहेरच्या बाजूनं उघडायला त्यांनी ड्रायव्हरला बोलावलं होतं. एवढी माणसं बघून त्याचा हात नेहमीपेक्षा जास्तच थरथरला. तरी पहिल्याच खेपेला उघडली. परीक्षक मान हलवत पुढे आले.

“वापरणारे म्हणून सांगा, यात काय बदलायला हवं?”

ड्रायव्हरनं मूठ उलटसुलट करून पाहिली. “मुठीत काही नाही,” तो म्हणाला.

पोरं पास झाली. दुसऱ्या एका बाईंसाठी तशीच मूठ करायला घेतलीय, त्यांच्या हाताच्या मापानं. टेलरबाईच्या मापाची ती निळी मूठ, काळी मूठ आणि कडी त्यांनी परत आणून दिली. तिन्ही वस्तू शिलाई मशीनवर ठेवल्या आहेत. मेहुणी आपल्या घरी गेली. जाताना म्हणाली, पुन्हा येईन तेव्हा बादली लावायला लागू देऊ नका. लांबी भरलेली भोकं पुन्हा पाडायला ड्रिल लागेल, ते शेजाऱ्यांकडे आहे. मागायला हवं.

बाथरूमच्या दाराला अजून कडी बसवलेली नाही.