काटेरेग्गांचा कॅमेरा

[कॅमेरा बंद]

काटेरेग्गांनी लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावरची चिकटपट्टी नखानं पुन्हा दाबली आणि वर्ग सुरू केला.

पडद्यावर कोंबडीचा उलगडलेला पंख होता. कोंबड्यांच्या देवीची लस त्या पंखाच्या पातळ पडद्यात कुठं टोचायची, ते त्यांचा आवाज सांगत होता. आवाज खणखणीत. मसाका जिल्ह्याच्या गावागावांतून गुरांचे डॉक्टर म्हणून फिरताना कमावलेला. चेहरा मात्र ईस्टरच्या आठवड्यात एका बाजूनं लुळा पडला, तो पडलाच.

शिक्षक दिसले पाहिजेत, असं वर्ग चालवणारी संस्था सारखी कळवायची. त्यांचं उत्तर ठरलेलं. "लोकांना कोंबडी बघायचीय, मला नाही. उगाच त्यांचा डेटा का जाळू?"

वर्ग संपता संपता नांबोझेनं तोंड उघडलं. नेमके प्रश्न विचारावेत तर हिनंच.

"सर, मी सातवीतच शाळा सोडली. मला या वर्गाच्या परीक्षेला बसता येईल ना?"

काटेरेग्गांनी भुवया उंचावल्या आणि पुढचा प्रश्न घेतला.

[नांबोझे गटातून बाहेर पडल्या]

फोनवर वर्गाच्या गटात एवढीच ओळ. त्यांनी ती वाचली, चष्मा पुसला, परत वाचली.

"काय झालं, सालोंगो?" बायकोनं ओसरीवरून विचारलं. जुळी झाल्यापासून ती त्यांना जुळ्यांचा बाप म्हणूनच हाक मारायची, आणि सगळं गाव तिला नालोंगो, जुळ्यांची आई. "अर्धं तोंड आधीच पडलंय. उरलेलं तरी सांभाळा."

"चांगली विद्यार्थिनी गेली. परीक्षेला बसू का म्हणाली, मी हो म्हटलं, तरी गेली."

"हो म्हटलंत?"

"म्हटलं की."

"कसं? म्हणून दाखवा बघू."

त्यांनी भुवया उडवल्या. म्हणजे एकच उडाली. दुसरी जागची हलली नाही.

मटोकेची हिरवी केळी सोलणारी नालोंगोची सुरी थांबली.

"मला दिसलं," ती म्हणाली. "तिला कुठनं दिसणार?"

जन्मभर काटेरेग्गा असंच, भुवया उडवून, हो म्हणत आले होते. सगळा मुलूखच म्हणतो. एवढ्याशा गोष्टीला शब्द कोण खर्च करतो? कंपालातले वकील फार तर.

[फक्त आवाज]

त्यांनी लॅपटॉपवरूनच फोन लावला. "नांबोझे, मी हो म्हणालो होतो."

"सर, तुम्ही गप्प बसलात." तिच्या आवाजात राग नव्हता. "सातवीवालीला सगळ्यांसमोर नाही म्हणायचं नव्हतं तुम्हाला, कळलं मला. आता वाईट वाटलं म्हणून फोन केलात. राहू द्या, सर."

"अहो, तसं नाही..."

"गावातल्या कोंबड्या तशाही मरतातच दर वर्षी."

काटेरेग्गांनी नालोंगोकडे पाहिलं. ती त्यांच्याकडेच बघत होती.

"फोन ठेवू नका," ते म्हणाले, आणि कॅमेऱ्यावरची पट्टी काढली.

[कॅमेरा चालू]

तिच्या बाजूला नुसता काळा चौकोन आणि त्यावर नाव.

"सर, हे कधी?"

"ईस्टरला. डॉक्टर म्हणतात, येईल हळूहळू. ते राहू दे. त्या दिवशी विचारलंत, तेच परत विचारा."

"मला परीक्षेला बसता येईल?" ती हळूच म्हणाली.

त्यांनी भुवई उचलली. जेवढी उचलली गेली तेवढी.

पलीकडे हसू फुटलं.

"अर्धंच हो दिसतंय, सर."

"उरलेलं अर्धं परीक्षा देऊन मिळवा. सोमवारी याल ना वर्गाला?"

उत्तर नाही. काळ्या चौकोनातून फक्त कोंबड्यांची कुरकुर येत होती.

"गप्प बसली," नालोंगो मागून कुजबुजली. "गेली वाटतं."

काटेरेग्गांनी हातानंच तिला थांबवलं. त्या काळ्या चौकोनाकडे बघत ते थोडं पुढं झुकले.

"ऐकलं तुमचं हो, नांबोझे," ते म्हणाले.