हनुवटीवरचा तीळ

फोटोकाकांच्या घरातला टीव्ही एकदम गेला नाही. चित्र आधी वरून-खालून आक्रसत आलं आणि एके दिवशी पडद्याच्या मधोमध नुसती एक पांढरी रेघ उरली. आवाज मात्र ठणठणीत. काकांनी त्या दिवसापासून टीव्हीचं नाव टाकलं आणि समोरच्या आपल्या खुर्चीत बसून पेपर वाचायला घेतला. काकूंनी काहीच टाकलं नाही. संध्याकाळचे सात वाजले की त्या शिवणाच्या मशीनजवळच्या स्टुलावर बसायच्या, कुणाची तरी पँट हातशिलाईला घ्यायच्या आणि ती रेघ लावून अख्खी मालिका पार पाडायच्या.

"तुझं आपलं बरं आहे," काका म्हणाले. "तुला रेघेवरसुद्धा भागतं."

काकू हसल्या आणि त्यांनी दातांनी दोरा तोडला. मग जरा वेळाने म्हणाल्या, "नवा घ्यायचाच झाला तर नीट दिसणारा घ्या हं."

लग्नाला एकतीस वर्षं झाली होती आणि काकूंनी काही मागण्याची ही फार तर तिसरी खेप असेल. काकांना ते लागलं. घरात 'आपल्यासाठी' म्हणून जे जे आलं, ती स्कूटर, तो कॅमेरा, ती पाठ टेकायची खुर्ची, ते सगळं त्यांच्याच पसंतीचं होतं, हे न कळण्याइतके ते भोळे नव्हते. त्यांनी ठरवलं, ही वस्तू तिच्यासाठी. आणि ती बिनचूक असायला हवी.

आता बिनचूक म्हणजे काय, हे फोटोकाकांना विचारायची सोय नव्हती. एका स्टुडिओच्या डार्करूममध्ये त्यांनी उभी हयात काढली होती. कागदावर काळा रंग खरा काळा उतरला की नुसता राखाडी, एवढ्यावरून ते माणसाची लायकी ठरवायचे. "फोटो जिथं टांगायचा, तिथल्याच उजेडात पारखावा," हे त्यांचं ब्रीद. तेव्हा त्यांनी खुर्चीवर बसून जुन्या लाइट मीटरने खोलीतला उजेड मोजला, टेपने खुर्चीपासून टीव्हीपर्यंतचं अंतर घेतलं आणि वही काखोटीला मारून बाजार पालथा घातला. दोन दुकानदारांनी हात टेकले. तिसऱ्या दुकानात मात्र टाय लावलेला एक पोक्त, सोशिक विक्रेता भेटला. काकांच्या सांगण्यावरून त्याने दुकानाच्या त्या कोपऱ्यातले दिवेसुद्धा मालवून दाखवले.

शेवटी गाडी दोन टीव्हींवर येऊन थांबली. एक प्लाझ्मा, एक एलसीडी. प्लाझ्माचा काळा पाहून काकांचा जीव सुखावला होता, पण तो महाग होता आणि वीजही जास्त खायचा. टेपने मोजलेल्या अंतरावर, बरोबर समोर खुर्ची टाकून बसलं तर दोघांत उन्नीस-बीसचाच फरक. काकांनी एलसीडीच्या नावाखाली दोन रेघा ओढल्या आणि काकूंना घेऊन दुकानात आले. खरं तर त्यांनी नुसती मान डोलवावी म्हणून.

दुपारची वेळ होती. दोन्ही पडद्यांवर काकूंच्याच मालिकेचा जुना भाग लागला होता. टायवाल्याने समोर खुर्ची ठेवली. "या, बसा ना काकू."

"नको, मला इथून दिसतंय," म्हणत काकू पार बाजूला, भिंतीला लागून उभ्या राहिल्या.

"हा बघ," काका एलसीडीपुढे उभं राहून म्हणाले. "किंमत बेताची, उजेड भरपूर. घेऊन टाकू?"

"घ्या की. पण ही बाई अशी राख फासल्यासारखी का दिसतेय?"

"राख? अगं, माझा जन्म गेला चित्रं बघण्यात!"

काकूंचं लक्षच नव्हतं. त्या शेजारच्या प्लाझ्माकडे बघत होत्या. एकाएकी त्यांनी गालाला हात लावला. "अगं बाई! हिच्या हनुवटीवर तीळ आहे होय?"

काका हसत सुटले. "घ्या! चार वर्षं मालिका बघतेस आणि तीळ आज दिसला?"

"बघते कुठं? ऐकते," काकू सहज म्हणाल्या.

चूक कोणाची हे दाखवून द्यायलाच काका तरातरा त्यांच्याशेजारी भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. तिथून एलसीडीवरची बाई खरंच राखाडी दिसत होती आणि तिचे काळे केस धुरकट. प्लाझ्मावर तीच बाई, तेच केस आणि हनुवटीवर ठसठशीत तीळ. समोरून दिसावं तितकंच स्वच्छ. टायवाला म्हणाला, "बाजूने बघणारं कुणी असेल तर प्लाझ्माच घ्या. पण तुमची खुर्ची तर समोर आहे म्हणालात."

काकांना तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी वहीत पुन्हा पाहिलं. खुर्ची, खुर्ची, खुर्ची. स्टुलाचा उल्लेख कुठेही नव्हता. ते प्लाझ्माचे पैसे भरायला गेले.

घरी आल्या आल्या, चपला न काढताच ते मशीनजवळच्या स्टुलावर जाऊन बसले. तिथून जुन्या टीव्हीची फुगीर काच जवळजवळ कडेने दिसत होती आणि तिच्यात खिडकीचा उजेड असा भरला होता की रेघसुद्धा दिसली नसती. काकूंना शिवायला उजेड लागायचा, म्हणून मशीन खिडकीशी. केबलची तार त्या भिंतीला, म्हणून टीव्ही तिथं. सगळं रीतसर होतं आणि इतकी वर्षं कुणीही एकदा या स्टुलावर बसून पाहिलं नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. काकांना स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

"एका शब्दाने बोलली का नाहीस?"

"त्यात काय बोलायचं?" काकू पाण्याचा ग्लास पुढे करत म्हणाल्या. "माझं काही अडलं नाही."

दोन दिवसांनी प्लाझ्मा आला. काकांनी टीव्हीचं टेबल मशीनच्या बाजूला जरासं वळवून घेतलं, स्टुलावर बसून चारदा खात्री केली आणि आपली खुर्ची ओढत आणून स्टुलाला खेटून ठेवली. सात वाजता मालिका लागली. तीळवाली बाई काहीतरी विनोदी बोलली आणि काका मोठ्याने हसले. काकू हसल्या नाहीत. त्या कधी पडद्याकडे, कधी खोलीच्या मधल्या रिकाम्या जागेकडे बघत होत्या.

"का गं? नीट दिसत नाही?"

"छान दिसतंय. पण तुम्ही खुर्ची होती तिथं न्या बघू."

"अगं, मला इथूनही चांगला दिसतोय टीव्ही."

"टीव्ही दिसतोय हो. तुम्ही दिसत नाही." काकूंनी सुईत दोरा ओवायला मान खाली घातली. "इतकी वर्षं टीव्हीतल्यांचं ऐकायचे आणि तुमच्या तोंडाकडे बघायचे. तुम्ही हसलात की कळायचं, काहीतरी गंमत झाली. परवा ती रेघ उरली ना, तेव्हा तुम्ही पेपर तोंडासमोर धरायला लागलात. तेव्हा कुठं म्हटलं, आता नवा घ्या."

काका उठले. खुर्ची त्यांनी जुन्या जागी नेली, पण टीव्हीकडे तोंड करून न ठेवता मशीनकडे अर्धी वळवली.