शिफारसपत्रातलं आडनाव

रत्नागिरीच्या एका शाळेत मी बारा वर्षं मुलांना यंत्रांचे नकाशे काढायला शिकवलं. त्या बारा वर्षांत हात म्हणावा असा हात एकाच मुलाचा पाहिला. विठूचा. जयगडच्या काशीराम सुताराचा हा मुलगा. बाप दोरीने आणि नजरेने गलबतं बांधायचा. मुलगा पाण्याचा पंप खोलून बघायचा आणि त्याचा नकाशा असा काढायचा की मापात केसाचा फरक नसे.

काशीराम एकदा भांडायलाच आला. "मास्तर, होडी काय कागदावर तरंगते काय? पोराला माझ्या हाताखाली द्या."

"तुझा पोरगा मुंबईला खुर्चीवर बसून नकाशे काढेल," मी म्हणालो. मी शब्द दिला म्हणून तो गप्प बसला.

चौतीस साली विठू परीक्षेत पहिला आला. मुंबईच्या एका कारखान्यात नकाशे काढणारा माणूस हवा होता. मी शिफारसपत्र लिहायला घेतलं, तेव्हा विठू चाचरत म्हणाला, "मास्तर, आडनाव जयगडकर लिवाल काय?"

माझं डोकंच फिरलं. बापाच्या धंद्याची लाज वाटते? चांगलं फैलावर घेतलं त्याला, आणि टपोऱ्या अक्षरांत 'सुतार' लिहिलं. वर स्वतःवरच खूश झालो. दुसऱ्याच्या जिवावर ताठा मिरवायला आपलं काय जातं!

पुढच्या शिमग्याला विठू भेटायला आला. तळहातांना घट्टे पडले होते. कारखान्यातल्या कारकुनाने पत्रातलं नाव तेवढं वाचलं आणि त्याला सुतारखात्यात धाडलं. तेव्हापासून तो यंत्रं भरायची खोकी ठोकत होता.

"साहेबाला नकाशे दाखवलेस?"

"दाखवले. हसला. म्हणाला, सुताराच्या मानानं बरे हायत."

"आणि घरी?"

"घरी काय सांगितला नाय. बाबाला वाटतंय, मी खुर्चीवर बसतोय."

मी घाईघाईने दौत पुढे ओढली. "दुसरं पत्र देतो. जयगडकर लिहितो."

"आता नको मास्तर. हजेरीपटावर तेच नाव चढलंय."

"पण नावावरून कुणी माणसाचं काम ठरवतं का?" मी ओरडलो. ओरडलो तो खरं तर स्वतःवरच.

विठूचा आवाज चढला नाही. "तुमचा कुनी नाय ठरवला. तुमी उपाध्ये. तुमाला कुनी सत्यनारायन सांगायला नाय धाडला, नकाशे शिकवायला ठेवला."

मी पुढे ओढलेली दौत मागे सारली. तो वाकून माझ्या पाया पडला आणि आगबोट गाठायला बंदराकडे निघून गेला.