मोठ्यानं सांगायचं नाव

आमच्या व्हर्जिनियात मत मनात ठेवता येत नाही. कोर्टात टेबलामागे उमेदवार बसतात, शेरीफ विचारतो आणि आपण नाव मोठ्यानं सांगायचं. ज्याचं सांगितलं तो उठून वाकून आभार मानतो. दुसरा नुसता बघतो.

त्या एप्रिलात कुणाला बघत ठेवायचं, हा माझ्या मानेचा प्रश्न होता.

डावीकडे बसले होते लेम्युएल क्रॅबट्री, माझे वकील. उजवीकडे मेजर ब्रॉक. त्यांची घोडी चोरल्याचा माझ्यावर खटला होता आणि आमच्याकडे त्याला फाशी आहे. घोडी आपणहून माझ्या मागे आली होती, पण तिची साक्ष चालत नाही.

क्रॅबट्रींनी कायदा एकाच पुस्तकातून शिकला. त्याची शेवटची पानं उंदरांनी खाल्लेली, त्यामुळे ते शिक्षेपर्यंत कधी पोचतच नसत. चौदा वर्षांत त्यांचा एकही अशील लटकला नव्हता. आता त्यांना विधानसभेत जायचं होतं. ती रिचमंडला ऑक्टोबरात भरणार. माझा खटलाही ऑक्टोबरातच. ते निवडून आले, की माझं काम त्यांच्या पुतण्याकडे, जोएलकडे. जोएलचे आजवर तीन अशील. तिघांचीही तक्रार नाही. तिघंही पुरलेले आहेत.

तोवर निकाल लागलेला असेल म्हणून मी सगळ्यात शेवटी गेलो. शेरीफनं आकडे वाचले. दोघांनाही एकशे बारा.

"बोल, एनॉक. लोकांना जेवायचंय."

मी घसा खाकरला. बाहेर बांधलेली घोडी ओळखीनं खिंकाळली.

"तिला बरोबर कळतं," मागून कुणीतरी म्हणालं. हशा झाला.

"घाबरू नकोस," वकीलसाहेब हळूच म्हणाले. "माझं नाव तुला येतं."

"मेजर ब्रॉक," मी म्हणालो.

मेजर सवयीनं उठले, वाकले, आणि वाकलेले असतानाच मी कोण ते त्यांच्या लक्षात आलं.

क्रॅबट्रींनी मला पायरीवर गाठलं. चेहरा पांढराफटक. मी मान आत ओढली, ती आहे तोवर.

"गाढवा, माझी चौदा वर्षं..." ते म्हणाले आणि मध्येच थांबले. "थांब. ऑक्टोबरात ब्रॉक रिचमंडला. म्हणजे फिर्यादीच हजर नाही. खटला उभाच राहत नाही. हे तू आधीच हेरलंस?"

"हो," मी म्हणालो. हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. पण सकाळपासून पहिल्यांदा श्वास पोटापर्यंत गेला.

तेवढ्यात खांद्यावर जड हात पडला. मेजरसाहेब. डोळे चक्क पाणावलेले.

"एनॉक, तुझ्यावर मी फिर्याद केली, आणि तू मला निवडून दिलंस. तुझा खटला ऑक्टोबरात ना?"

"आहे, पण तुम्ही तर तेव्हा..."

"रजा घेईन. माझ्या मतदाराच्या खटल्याला मी नाही, असं कसं होईल?"

मी वकीलसाहेबांकडे पाहिलं. ते माझी नजर चुकवून खिशात काहीतरी शोधत होते. घोडी पुन्हा खिंकाळली.